इथे प्रार्थना

एकनाथ खंडागळे हळू बोलत. इतकं हळू, की त्यांच्याशी बोलणारा माणूस नकळत पुढे वाकायचा आणि थोड्या वेळाने त्याची पाठ दुखायला लागायची. ही खोड धंद्याने लावलेली. तीसेक वर्षं ते नाटक कंपन्यांत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची प्रत उघडून ठेवायची आणि नट अडला की पुढचा शब्द असा पोचवायचा की तो नटाला ऐकू जावा, पण पहिल्या रांगेत पैसे मोजून बसलेल्याला जाऊ नये. नट नाव काढतो, दाढीमिशा काढतो, घरी जातो. प्रॉम्प्टरला काढायला काहीच नसतं. त्याचा आवाज तेवढा कायमचा बसतो.

दुसरी खोड याहून वाईट. समोरचा बोलता बोलता जरा थांबला की एकनाथराव त्याला पुढचा शब्द पुरवीत. नगरला त्यांच्या चर्चच्या मंडळीत एकदा पाळकसाहेब उपदेशाच्या रंगात आले होते. "आणि बंधूभगिनींनो, आपण सगळे कोण आहोत?" असं विचारून ते परिणामासाठी थांबले. मागच्या बाकावरून स्वच्छ, शांत आवाजात उत्तर आलं, "पापी." पाळकसाहेबांना नेमकं तेच म्हणायचं होतं, पण मग उपदेशात राम राहिला नाही. कल्पनाबाई, म्हणजे एकनाथरावांच्या पत्नी, त्यानंतर चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसत आणि कोपर तयार ठेवत.

कल्पनाबाई गेल्या, कंपनीही बंद पडली आणि दोन हजार चार साली एकनाथराव मुलाकडे राहायला आले. मुलगा शैलेश हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत होता. घर मात्र कोळवणच्या अलीकडे एका वाडीत, हैबतरावांच्या जागेत भाड्याने घेतलेलं. नोकरीच्या उलट दिशेला घर घेणारा माणूस शहाणा म्हणवत नाही, पण ते शैलेशचं नव्हे, त्याच्या बायकोचं, साधनाचं काम होतं. साधना पुण्यात शिक्षिका होती. तीस तीस मुलांना एकाच वेळी गप्प बसवून बसवून तिला वीट आला आणि स्वतःच्या मुलांना घरीच शिकवायचं तिने ठरवलं. दहावीला बाहेरून बसवता येतं, हे तिने आधीच चौकशी करून ठेवलं होतं. त्यांच्या मंडळीतली आणखी चार घरं पिरंगुटपासून कोळवणपर्यंत अशीच पसरली होती, त्यांचीही मुलं घरी शिकत. वाडीला याचं मोठं कोडं होतं.

"ती पोरं साळंत जात न्हाईत?" हैबतरावांच्या रंभाबाईंनी एकदा विचारलं.

"नाही. घरीच शिकतात," साधना म्हणाली.

"मग सुट्टी कवा अस्ती त्यास्नी?"

हा प्रश्न मात्र साधनाला पुढे आठवडाभर पुरला.

त्या घरात दिवस प्रार्थनेने उजाडायचा आणि मग सगळं मोठ्याने चालायचं. वचनं मोठ्याने, पाढे मोठ्याने, इतिहाससुद्धा मोठ्याने. साधनाचं म्हणणं, जे तोंडातून निघालं तेच डोक्यात राहिलं. एकनाथराव ओसरीवर बसून ऐकत. नातवंडं कधी अडतच नसत. बाप आणि मुलगा यांच्यात मात्र एवढंच बोलणं व्हायचं: "जेवलात?" "हो." "गोळी घेतलीत?" "घेतली." भांडण नव्हतं. भांडायला आधी जरा ओळख असावी लागते.

त्याला कारण होतं. शैलेश लहान असताना बाप कायम दौऱ्यावर. नाताळात तर नाटकवाल्यांची चंगळ, शाळांना सुट्ट्या, दिवसाला दोन दोन प्रयोग. घरी करंज्या, नवा शर्ट, चर्चमध्ये गाणी, सगळं असायचं आणि बाप कोल्हापुरात नाहीतर रत्नागिरीत असायचा. शैलेशने याबद्दल कधी शब्दाने तक्रार केली नाही. मोठा झाल्यावर त्याने नाटक पाहणंच सोडलं. कुणी तिकीट फुकट दिलं तरी तो जात नसे.

अशा घरात नाटक शिरलं ते मराठीच्या तासाच्या निमित्ताने. साधना म्हणाली, "पपा, पोरांचं मराठी पुस्तकी होतंय. तुम्ही बुधवारी पाचही घरच्या पोरांना एखादं जुनं नाटक वाचून दाखवा ना." एकनाथरावांनी ट्रंकेतून एक नावाजलेलं जुनं ऐतिहासिक नाटक काढलं. वेढा पडलेला गड, गडावर सरदाराची म्हातारी आई, पाणी संपत आलेलं आणि आतलाच एक माणूस फितूर. त्यांनी वाचलं. पुढच्या बुधवारी पोरांना निम्मं पाठ. त्याच्या पुढच्या बुधवारी सगळ्यांना सगळं पाठ.

एकनाथरावांनी जन्मात असे नट पाहिले नव्हते. पण यात एक गोची होती. एक जण बोलू लागला की बाकीच्यांचे ओठ हलायचे. मोगल सरदार दरडावतोय आणि त्याच्या बरोबरीने मावळे, दासी, आईसाहेब, सगळेच पुटपुटतायत. एकनाथरावांनी यावरच दोन महिने घालवले. "दुसऱ्याचं वाक्य त्याचं त्याच्याकडे राहू द्या. तो पडला तरी उचलायला जायचं नाही. त्याला मी आहे." हे ते इतक्या वेळा म्हणाले, की अखेर पोरांचे ओठ मिटले.

मग पोरांनी हट्ट धरला, प्रयोग करायचा. साधनाने रात्रीच्या जेवणात विषय काढला. शैलेशने भाताचा घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "एक प्रयोग करा. नीट झाला तर बघू. फजिती झाली तर हे प्रकरण तिथेच बंद. मग पोरांनी अभ्यास करायचा आणि पपांनी आराम."

आराम! एकनाथरावांनी तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. अकरा पोरं बुधवारी अंगणात शिरताना मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे "सलाम, आजोबा!" असं ओरडत आणि त्यांना आपण अजून कामाचे आहोत असं वाटे. एका फजितीत ते सगळं जाणार होतं आणि उरणार होतं ते "गोळी घेतलीत?" एवढंच.

तालमी पुढच्या खोलीत व्हायच्या. शैलेश कामावरून आला की आतल्या खोलीत दार लोटून बसे. मध्ये प्लायवूडची भिंत. कधीकधी पलीकडून आवाज यायचा, "जरा हळू!" आयुष्यात पहिल्यांदाच एकनाथरावांना कुणी हळू बोलायला सांगत होतं.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगायला हवं. तिसऱ्या अंकात आईसाहेब प्रार्थना करतात. रात्रीच्या हल्ल्याला गेलेली माणसं सुखरूप परत येवोत म्हणून सगळा गड हात जोडून उभा राहतो. मूळ नाटकात तिथे भवानीचं पानभर पल्लेदार स्तवन होतं. ते काढायचं ठरलं आणि त्या जागी आईसाहेबांचं काम करणाऱ्या क्षितिजाने, म्हणजे शैलेश-साधनाच्या थोरलीने, आपल्या शब्दांत साधी प्रार्थना करायची असं ठरलं. त्यांच्या घरात प्रार्थना कधी पाठ करून म्हणतच नसत. इथवर ठीक. पण तालमीत ती जागा आली तेव्हा साधनाने हात वर केला.

"पपा, प्रार्थनेची तालीम नको. देवाशी खोटं खोटं बोलायचं? प्रयोगाच्या दिवशी एकदाच होऊ दे, खरी."

पाचही घरांना हे पटलं. एकनाथरावांनाही पटलं. मग तालमीत ती जागा आली की क्षितिजा नुसतं म्हणायची, "इथे प्रार्थना," आणि लगेच फितुराचं काम करणारा दिग्विजय पुढे सरसावून आपलं वाक्य टाकायचा, "आईसाहेब, खाली उतरायची एक वाट मला ठाऊक आहे." चार महिने असंच. जगातल्या कुठल्याही नाटक कंपनीत हा घोळ झाला नसता. हा देवभिरू माणसांनीच करावा.

प्रयोग ठरला दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी पडलेली. हैबतरावांनी आपलं एक खाचर दिलं आणि ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून वर फळ्या ठोकून दिल्या. वेळही त्यांनीच ठरवली.

"बाबा, लायटीचा काय भरवसा न्हाई. संध्याकाळी गेली की कवा येईल ती येईल. तुमी आपलं उन्हातच उरका."

म्हणून नाटक चार वाजता, लख्ख उन्हात. विंगा साड्यांच्या. एकनाथराव उजव्या विंगेत उसाच्या गुऱ्हाळातून आणलेल्या स्टुलावर बसले, मांडीवर प्रत. समोर मंडळीतली माणसं, वाडीतली माणसं, फार्महाउसवाली दोन पुणेरी कुटुंबं आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीत हाताची घडी घालून शैलेश. साडीच्या फटीतून एकनाथरावांना फक्त तोच दिसत होता. अकराशे लोकांपुढे ज्यांचा हात थरथरला नव्हता, त्यांची एका माणसापुढे पाचावर धारण बसली.

पहिला अंक सुरेख झाला. दुसरा त्याहून बरा. एकनाथरावांना एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. वाडीतली माणसं रंगली होती. फितूर मोगलाला भेटला तेव्हा मागून एक शिवी आली आणि पुणेरी कुटुंबांनी वळून पाहिलं. एकनाथरावांचा जीव हळूहळू भांड्यात पडू लागला.

तिसरा अंक लागला. माणसं हल्ल्याला गेली, एक मावळा जागीच धारातीर्थी पडला, आईसाहेब पुढे आल्या. क्षितिजाने हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

ती पंधरा वर्षांची पोर चार महिने फक्त "इथे प्रार्थना" म्हणत आली होती. आता तिने खरंच केली. "देवा, जी माणसं आज घरापासून लांब आहेत त्यांना सांभाळ. त्यांची घरी कुणीतरी वाट बघतंय. ती तिकडे काय करतात ते घरच्यांना कळत नाही आणि घरच्यांना काय वाटतं ते त्यांना कळत नाही. देवा, तुला दोन्हीकडचं कळतं. त्यांना उशीर झाला तरी घरी आण. आणि आल्यावर घरच्यांना दार उघडू दे."

रंगमंचावरच्या झाडून साऱ्या पोरांनी माना खाली घालून डोळे मिटले होते. मावळ्यांनी, दासींनी, फितुरानेसुद्धा. जन्मापासूनची सवय ती. धारातीर्थी पडलेला मावळा तर पडल्या पडल्याच छातीवर हात जोडून होता.

"अगं बया, मेल्यालं बी हात जोडतंय की!" रंभाबाई शेजारणीला म्हणाल्या, पण त्यांचेही हात एव्हाना जोडलेले होते.

आणि उजव्या विंगेत एकनाथरावांनी डोळे मिटले.

हजारो प्रयोगांत हजारो प्रार्थना त्यांच्या कानांवरून गेल्या होत्या. गणपतीच्या, शंकराच्या, भवानीच्या. त्यांच्या लेखी ती वाक्यं होती, बोटाखालच्या ओळी होत्या. आज नात कुणासाठी बोलत होती ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं. कोल्हापूरचे, रत्नागिरीचे सगळे नाताळ त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे आले. प्रतीवरचं बोट कधी घसरलं ते त्यांना कळलं नाही. ते प्रार्थना करत होते.

"आमेन," क्षितिजा म्हणाली.

"आमेन," सगळा गड म्हणाला. मेलेला मावळाही म्हणाला.

मग शांतता. दिग्विजयने डोळे उघडले आणि तो वाट बघत उभा राहिला. कशाची? "इथे प्रार्थना" या शब्दांची. चार महिने त्याचं वाक्य त्या शब्दांना बांधलेलं होतं आणि ते शब्द आज आलेच नव्हते. ते येणार नाहीत हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या डोक्यातून पुढचं सगळं धुऊन गेलं होतं. त्याने उजव्या विंगेकडे पाहिलं. आजोबा डोळे मिटून बसलेले, ओठ हलतायत, पण ते भलत्याच कुणाशी बोलत होते. त्याने क्षितिजाकडे पाहिलं. त्याचं वाक्य तिला पाठ होतं. तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. पण दुसऱ्याचं वाक्य उचलायला जायचं नाही, हे त्यांना दोन महिने घोटून शिकवलेलं. सगळे ओठ घट्ट मिटून उभे राहिले. गुरुजींचा धडा गुरुजींच्याच गळ्याशी आला.

शांतता लांबली. ती एकनाथरावांना आधी पाठीत जाणवली, मग डोळे उघडले. हजारो प्रयोगांची ओळखीची थंडी. कुणीतरी पडलंय! त्यांनी प्रतीकडे पाहिलं. पान उलटलेलं. कुठलं पान? आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडेना. झाली फजिती, त्यांना वाटलं. बुधवार संपले.

आणि तेवढ्यात तो आवाज आला.

"आईसाहेब, खाली उतरायची एक वाट..."

हळू, सपाट, ताणलेला आवाज. नेमका जिथे पोचायचा तिथेच पोचणारा. एकनाथरावांना क्षणभर वाटलं, आपणच बोललो. पण त्यांचं तोंड मिटलेलं होतं. आवाज विंगेतून नव्हता, समोरून होता. साडीच्या फटीतून त्यांनी पाहिलं. कडेच्या खुर्चीत शैलेश हाताची घडी तशीच ठेवून समोर बघत बसला होता. त्याच्या शेजारच्या माणसाने मानही वळवली नव्हती.

"आईसाहेब," दिग्विजय उसळून म्हणाला, "खाली उतरायची एक वाट मला ठाऊक आहे!" आणि नाटक पुन्हा चालू लागलं.

"बघ, बघ," रंभाबाई म्हणाल्या. "किती वेळ तोंडातनं लबाडी भाईर निघंना त्याच्या. मानूस वंगाळ न्हाई त्यो मुळात." सगळ्या वाडीने ती शांतता फितुराची घालमेल म्हणून घेतली होती. पुण्याच्या एका बाईंनी तर डोळे पुसले.

शेवटचा पडदा, म्हणजे शेवटच्या दोन साड्या, सरकल्या तेव्हा टाळ्या थांबेनात. हैबतराव फळ्यांवर चढून आले. "बाबा, मावळं ‘आमेन’ म्हनल्यालं मी पयल्यांदाच बघितलं. पन नाटाक लई झ्याक झालं. पुढं जत्रंला करा की." पोरं नाचत होती. साधना रडत होती आणि रडता रडता तलवारी मोजत होती. दिग्विजय येऊन पायांशी बसला. "आजोबा, माझं चुकलं." एकनाथरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं नाही रे. माझं."

सगळे खूश होते, पण खरं काय झालं ते सगळ्यांना माहीत नव्हतं. प्रेक्षकांत ज्याला माहीत होतं तो एकटाच खाली खुर्च्या रचत होता. ज्याने अट घातली होती तोच. दुसऱ्या कुणाला थापा मारता आल्या असत्या, की तो अभिनय होता. याला कसल्या मारणार?

एकनाथराव ट्रॉलीवरून उतरले आणि त्याच्याजवळ गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सांभाळली, स्वतःचं एकही नव्हतं.

"तुला," ते म्हणाले, "तुला पाठ कसं?"

"पाठ केलं नाही." शैलेशने एक खुर्ची दुसरीत सरकवली. "चार महिने घरात दुसरं ऐकू काय येतं? प्लायवूडची भिंत आहे."

"आणि तो... आवाज?"

शैलेश थांबला. एकनाथरावांच्या जिभेवर पुढचा शब्द आलाच होता, पण त्यांनी तो दाबून धरला. मुलाला वेळ लागला.

"सातवीत होतो. मे महिन्यात तुम्ही मला साताऱ्याला नेलं होतं. आठ दिवस तुमच्या स्टुलाशेजारी बसवलं होतंत. मला नाटकातलं काही आठवत नाही. तुम्ही कसं बोलता ते बघत होतो."

एकनाथराव ते विसरून गेले होते. त्यांच्या दृष्टीने आठ दिवस पोराला कुठे ठेवायचं ही अडचण होती, म्हणून नेलं होतं.

शैलेशने खुर्च्यांची चवड उचलली, चार पावलं गेला आणि वळला. चेहरा गंभीर, ऑफिसात चुका दाखवताना असावा तसा.

"पपा, पुढच्या वेळी प्रार्थनेचीही तालीम घ्या. निदान तिच्यामागून कुणी बोलायचं ते तरी ठरवा. असं मोकळं सोडून चालत नाही."

तो आणखीही काही सांगत होता, साड्यांच्या विंगा उडतात, खुर्च्या कमी पडल्या वगैरे. एकनाथरावांच्या कानांत त्यातलं काही शिरलं नाही. पुढच्या वेळी, एवढेच दोन शब्द शिरले. ते खाचराच्या बांधावर मटकन बसले. छातीवरचं चार महिन्यांचं, नव्हे, किती वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि ते उतरल्यावर माणसाला उभं राहता येत नाही हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शैलेशने चवड खाली ठेवली आणि परत आला.

"काय झालं? गोळी घेतली नाहीत का?"

"घेतली," एकनाथराव म्हणाले. "तू बस जरा."

आणि तो बसला.